पावणेतीन

ता. १९, गुरुवार, दुपार

चि. खंड्यास आईचे आशीर्वाद.

मी बरी आहे. जिना चढताना गुडघा कुरकुरतो, पण मी त्याच्याकडे लक्ष देत नाही आणि तो माझ्याकडे. तू पाठवलेली शाल अंगावर घेऊनच लिहिते आहे. ऊब चांगली आहे, रंग मात्र पोरीबाळींचा निवडलास. टेबल डुगडुगतं आहे, तेव्हा अक्षराला नावं ठेवू नकोस.

मागच्या आठवड्यात तू फोनवर म्हणालास, "आई, ती नोकरी घेतेस की नाही ते एकदाचं सांगून टाक. मला आतली खोली रंगवून घ्यायचीय." मी म्हटलं, विचार करते. त्यावर तू हसलास. "तुझा विचार म्हणजे हाडं शिजायला ठेवल्यासारखा. मंद आचेवर, दिवसभर." अगदी बाबांसारखं बोललास. तेही माझी अशीच थट्टा करायचे.

उत्तर खरं तर तोंडी द्यायला हवं. पण महत्त्वाचं काही बोलायला लागले की माझा आवाज कामावरचा होतो, सपाट, आणि तो तुला कधीच आवडला नाही. म्हणून लिहिते.

नोकरीचं सगळं तुला नीट सांगितलंच नव्हतं. गावच्या खोलीत आम्ही चौघी बसायचो. मदतीचा फोन वाजला की उचलायचा, पत्ता काढायचा, गाडी पाठवायची, आणि गाडी दारात पोचेपर्यंत फोन ठेवायचा नाही. हा शेवटचा नियम सगळ्यांत मोठा. समोरचा ओरडू दे, शिव्या देऊ दे, गप्प होऊ दे, आपण ठेवायचा नाही. तुझ्या शहरातलं केंद्र म्हणजे हॉल आहे, या टोकाची बाई त्या टोकाला दिसत नाही. तिथं एका पाळीची प्रमुख म्हणून मला बोलावलं होतं. शाळा चौथीत सुटलेल्या बाईला! परीक्षा मी बाहेरून दिल्या, हे त्यांना माहीत होतं. वाचायला मी कशी शिकले ते मात्र मी सांगितलं नाही. मटण बांधायला आणलेल्या रद्दीवर. तुझे बाबा म्हणायचे, "आधी वाच, मग दे. गिऱ्हाईक थांबेल." कितीतरी गोष्टींचा शेवट कुणाच्या तरी खिम्याबरोबर गेला.

माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या बाईला आम्ही भोंगा म्हणतो. ती म्हणाली, "जा की गं. इथं काय, मांजर झाडावर अडकलं म्हणून फोन येतात." खोटं बोलते. गावातही काही कमी येत नाही. मागे एका भिंतीवरून दोन सख्खे भाऊ भांडत होते. फोन धाकट्याच्या बायकोनं केला होता. बोलता बोलता फावडं लागल्याचा आवाज आला, मग आणखी एकदा, आणि मग ती बाई मला म्हणाली, "आता राहू द्या." मी राहू दिलं नाही. गाडी पोचली तेव्हा थोरला भिंतीला टेकून बसला होता, फावडं मांडीवर. गाडीवाल्यानं सांगितलं, म्हणे पाणी मागत होता. असे आवाज घेऊन मी घरी येते, हात धुते आणि जेवते. तू लहानपणी विचारायचास, "आई, तुला रडू येत नाही?" येतं. पण कामावर माझं रडणं म्हणजे गाडीला उशीर.

थांब जरा. आत एका बॅगेची चेन अडकली होती, ती सोडवून आले.

तर मी नाही म्हणणार होते. कारण सांगायला लाज वाटते. आपल्या दुकानाची जागा सायकलवाल्याला दिली आहे, पण तुझ्या बाबांचा मटण तोडायचा ठोकळा त्यानं तसाच कोपऱ्यात ठेवला आहे. येता जाता मी त्यावर हात ठेवायची. मधोमध खोलगट झाला आहे, इतकी वर्षं सत्तूर पडून पडून. तो सोडून जायचं माझ्या जिवावर आलं होतं. म्हातारी बाई आणि लाकडाचा ओंडका. हस हवं तर.

त्या ठोकळ्यापाशी तू उभा होतास त्या दिवशी. दहावीत होतास. दुकानासमोर दोन माणसं एका स्कूटरच्या ओरखड्यावरून भिडली, एकाच्या हातात लोखंडी गज. बाबांनी सत्तूर ठोकळ्यात रुतवला, फडक्याला हात पुसले आणि रिकाम्या हातांनी मध्ये गेले. "अरे, पोरं बघतायत," एवढंच म्हणाले. गज त्यांच्या कानामागे बसला. मी मागच्या खोलीतून धावत आले तोवर ते पायरीवर आडवे होते आणि ते दोघं पळून गेले होते. तू हललाही नव्हतास. तुझ्या शर्टावर रक्त होतं, ते त्यांचं की बकऱ्याचं हे मला आजही माहीत नाही.

नंतर तू एक वाक्य म्हणायला लागलास. दहाव्याला म्हणालास, लग्नात म्हणालास, परवाही म्हणालास. "सत्तूर घेऊन गेले असते तर आज असते." मी दरवेळी गप्प बसले. पोराचं दुःख आहे, बोलू दे, असं वाटायचं.

आता त्या रविवारचं लिहिते.

तुमच्या शहरात पुलावर बस उलटली होती, तुला आठवत असेल. तिथल्या सगळ्या लाइनी भरल्या. अशा वेळी तिथले फोन आपोआप आजूबाजूच्या गावांकडे वळतात. दुपारी आमच्या खोलीत सतत वाजत होतं. आम्हा चौघींतल्या कुणालाही तो लागला असता. मला लागला.

बाई बोलत नव्हती. नुसता श्वास. दार लावून आत बसलेल्या बाईचा श्वास मला ओळखू येतो, तो तोंडावर हात ठेवून घेतलेला असतो. मी नेहमीचं म्हटलं, "बोलता येत नसेल तर हो म्हणून फोनवर नखानं एकदा वाजवा." मग वाजलं. "घरातलंच कुणी मारतंय?" वाजलं. "तुमच्याबरोबर लहान मूल आहे?" वाजलं. बाहेरून दारावर लाथा बसत होत्या. फळी तडकल्याचं ऐकू येत होतं. पडद्यावर पत्ता उमटायला वेळ लागतो, मी त्याची वाट बघत होते.

मग लाथा थांबल्या आणि बाहेरचा माणूस मोजायला लागला. न चिडता. लाडात आल्यासारखा.

"एक. दोन. अडीच."

माझी बोटं कळांवर होती, ती तिथंच राहिली.

"पावणेतीन."

खंड्या, अशी मोजणी जगात एकाच घरात होती. तू आंघोळीच्या भीतीनं दुकानाच्या माळ्यावर चढून बसायचास आणि बाबा खाली हात पसरून उभे राहायचे. एक, दोन, अडीच, पावणेतीन, पावणेतीनला थोडं कमी, पावणेतीनला थोडं जास्त. तू हसून हसून त्यांच्या अंगावर पडायचास. तीन कधी आलंच नाही. एकदा तू विचारलंस, "बाबा, तीन झालं तर काय होतं?" ते म्हणाले, "कुणास ठाऊक. मी कधी गेलो नाही तिथपर्यंत."

तू गेलास. तू तीन म्हणालास आणि दार आत पडलं.

फोन फरशीवर पडला होता, पण चालू होता. तुझी ठकी किंचाळत होती, "तीन नको! बाबा, तीन नको!" म्हणजे पोरीला माहीत होतं तीनला काय होतं. म्हणजे ते पहिलं तीन नव्हतं. मग कुणाचं तरी डोकं नळावर आपटलं. मग एक बारीकसा आवाज झाला. मी खाटकाची बायको आहे, हाड मोडल्याचा आवाज मला कुणी समजावून द्यायला नको. तुझा श्वास ऐकू येत होता, ओझं वाहून आणल्यासारखा. "बघ," तू म्हणालास, "बघ काय करायला लावतेस."

पडद्यावर पत्ता उमटला. त्याची मला गरज नव्हती. पण वाचला, टाइप केला, गाडी पाठवली. कुणाचं नाव घेतलं नाही. गाडी पोचेपर्यंत फोन ठेवला नाही. गाडीतून आलेल्या शिपायांना तू पाणी विचारलंस, तेही ऐकलं. तुझी बायको म्हणाली, "घसरले." गाडीवाल्यानं कळवलं, "किरकोळ. आपसात मिटलं." भोंग्यानं विचारलं, "काय गं, पांढरी पडलीस?" मी म्हटलं, ऊन लागलं.

त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. "आई, ही बाथरूममध्ये घसरली, हात मोडून घेतला. हिला काही जमत नाही गं. तू ये." आणि मग तू खोली रंगवायचं बोललास, आणि हाडं शिजवायचं.

तर माझा विचार शिजला, खंड्या.

नोकरी मी घेतली. सोमवारी रुजू झाले. याच शहरात आहे. हॉलजवळ दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आहेत, पत्ता तुला देणार नाही. ठोकळा गावीच राहिला. लोक म्हणतील पोराजवळ राहायला गेली, म्हणू देत. तुझ्या शहरातला प्रत्येक फोन त्या हॉलमध्ये वाजतो. यापुढे तुझ्या दारामागून कुणीही वाजवलं, तर ते मी बसते तिथं वाजेल, आणि "मिटलं" हा शब्द माझ्या पाळीत कुणी लिहिणार नाही.

आणि हे डुगडुगणारं टेबल तुझं आहे. आज तू कामावर गेल्यावर मी आले. बाथरूमच्या दाराला नवी फळी ठोकली आहेस. छान ठोकली आहेस, एकही खिळा वाकडा नाही. बाबांनी शिकवलेलं हातात राहिलं म्हणायचं.

तिनं एका हातानं बॅगा भरल्या. मी उठायला लागले तर म्हणाली, "तुम्ही बसा आई, काय कुठं आहे ते मला ठाऊक आहे. तुम्ही लिहा." मी विचारलं, "त्या दिवशी माझा आवाज ओळखलास?"

"पहिल्या शब्दाला. म्हणून तर वाजवलं. नाहीतर ठेवून देत होते."

"इतके दिवस मला का नाही सांगितलंस?"

"तुमचा मुलगा आहे."

"माझा मुलगा कोण ते मला माहीत आहे," मी म्हटलं. त्यावर ती रडली, मी आल्यापासून पहिल्यांदा. मग म्हणाली, "चेन अडकलीय, बघता का जरा?"

आत्ताच दोघी गेल्या. रिक्षा खाली होती. ठकी पायऱ्या मोजत उतरत होती, मी दार उघडं ठेवून ऐकत होते. "एक, दोन, चार." खालचा मजला आला, परत, "एक, दोन, चार." तिच्या आईनं चूक सुधारली नाही. मीही सुधारली नाही.

मी त्यांच्याबरोबर गेले नाही. तू दार उघडशील तेव्हा मी या खुर्चीवर असेन आणि हे पत्र तुझ्यासमोर सरकवीन. म्हणजे हे वाचत असताना तू मला बघतोच आहेस. माझे हात टेबलावर आहेत, रिकामे. माझा फोन शालीखाली चालू आहे. हॉलमधली एक पोर ऐकते आहे आणि ती ठेवणार नाही, मीच तिला शिकवलंय. गाडी कोपऱ्यावर उभी आहे.

मला दोनच वाटा दिसतात. तू उठशील, चपला घालशील, आपण दोघं चालत कोपऱ्यावरच्या चौकीत जाऊ आणि जे झालं ते तू स्वतःच्या तोंडानं सांगशील. मी शेजारी बसेन, तुला जेलमध्ये टाकलं तर भेटायला येईन, दर आठवड्याला, डबा घेऊन. नाहीतर तू हात उचलशील. उचल. मार लागला तरी मी ओरडणार नाही, ऐकणाऱ्या पोरीला पत्ता नीट ऐकू गेला पाहिजे.

सत्तूर घेऊन गेले असते तर बाबा आज असते, हे तुझं खरं आहे. पण ते तुझे बाबा नसते. त्या जागी दुसराच कुणीतरी सत्तूर घेऊन घरी परत आला असता, आणि मी आणि तू माळ्यावर चढून बसलो असतो.

वाचून झालं की मान वर कर. मी मोजायला लागेन. ते कधी गेले नाहीत तिथपर्यंत मी जाणार आहे. मध्ये अडीच नाही, पावणेतीन नाही.

तुझ्या बाबांची बायको,
आणि अजून तुझी
आई