बाभळीला ठोकलेली बट

लातूर, गुरुवार. उद्या अमावास्या.

पहाटे पुन्हा तेच स्वप्न. भगतानं माझे केस मुठीत धरलेत. "कोण हायेस? नाव सांग!" म्हणत तो माझी बट बाभळीला खिळ्यानं ठोकतोय. भूत झाडात अडकतं म्हणे! नव्या जिल्ह्याच्या कचेरीत दिवसभर टाइप करताना मान ओढल्यासारखी दुखत होती.

संध्याकाळी गावाकडून धाकटा भाऊ आला. म्हणाला, काल त्याची बायको पाण्याला गेली आणि विहिरीवरच चक्कर येऊन पडली.

"आई म्हणते बाहेरचं हाय. उद्या भगत येणार हाय."

"उपाशीपोटी आटलेल्या विहिरीत उतरते ती. चक्कर येणार न्हाई तर काय?"

तो खाली बघत म्हणाला, "मला कळतंय ताई. पर आईपुढं बोलावं कुणी?"

तेव्हा उमगलं. मला भीती भगताची नव्हतीच. स्वप्नात भोवती आमचीच माणसं बसलेली असतात, आणि भगताची ती मूठ कुणीच धरत नाही.

मी धरणार. उद्या पहिल्या गाडीनं जाते. आईच्या डोळ्यांदेखत भावजयीचे केस विंचरणार, घट्ट वेणी घालणार आणि तिला दवाखान्यात आणणार. आई चिडेल. चिडू दे.

पिशवीत तेल आणि फणी टाकली.