मायच्या हातातला कापूस

गुरुवार, संध्याकाळ

सुनील म्हणते, मी उगाच भेते. लहान भाऊ असून मलेच शिकवते. फोनवर हासून म्हणे, "ताई, माय आजीची नक्कल करून राह्यली, दुसरं काय?"

नक्कल. आज मायनं जेवता जेवता हात पुढं नेला, दोन बोटांनी हवेतलं काहीतरी खुडलं आन् कमरेच्या ओटीत टाकलं. ओटी बांधलेलीच नव्हती. परत खुडलं, परत टाकलं. मी म्हटलं, "माय, काय वेचून राह्यली वं?" तिनं माझ्याकडं पाह्यलंबी नाई.

आजी, मायची माय, शेवटी असंच करे. जन्मभर पऱ्हाटीतला कापूस वेचला, म्हणून हाताले सवय, असं आम्ही समजलो. मी तर हासत हासत तिच्या मांडीवर खराच कापूस ठेवला होता. मी लहान असतानी त्याच बोटांनी ती माझे केस कानामागं सारे. मंग एक दिवस माझ्याकडं पाहून म्हणे, "ही बाई कोन्त्या गावची?"

पण माय? माय तर समुद्रपुरात शिवणकाम करत म्हातारी झाली. कापूस वेचाले एक दिवस वावरात गेली नाई. मंग हे खुडणं सवयीचं कसं? का आजीचंबी ते सवयीचं नव्हतंच?

आता दारात बसली हाये. हात चालूच हाये.

सुनीलले आत्ताच मेसेज टाकला: "आयतवारपर्यंत सांग, मायले सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवाले तू येतं का नाई."