पुढचं गेट, मागचं गेट

तीर्थरूप ज्योतीरामदादा यास,

धाकट्या कस्तुराचा वाकून नमस्कार (गुडघा धरलाय म्हणून निम्मीच वाकलेय, उरलेलं तू मनानं धर). तुजी शुगर कशी हाय? दुर्गावहिनीची कंबर? म्हशीला रेडकू झालं का? हिकडं म्या बरी हाय. तुला वाटतंय तेवडी बिघडले न्हाई.

फोन सोडून कागद लिवतेय, कारण फोनवर तू मला बोलूच देत न्हाईस. "कस्तुरे, तोंड दाखवायला जागा न्हाई ठिवलीस" म्हणतोस अन् कट करतोस. कागद काय मधीच कट करता येत न्हाई. तुमच्याकडचा समाधान कांद्याचा टेम्पो घिऊन चाकणच्या मार्केटला आलाय, त्याच्याच हाती धाडतेय. तू रविवारी येणार अन् मला कायमची माहेरी नेणार म्हणं. ये की. पर आदी समदं वाच. सातवीपातूर शाळा शिकलेय, ती कवा तरी कामाला येऊ दे.

तुला ठावं हाय, माज्या थोरल्या दिराच्या निरंजननं कांद्याच्या रानात रिसॉर्ट काढलंय, 'शिवारसुख' म्हणून. कांद्याच्या वखारीत एशी बसवून खोल्या केल्यात. भिंतीतला वास काय जात न्हाई, पाहुण्यांच्या डोळ्यांतनं पाणी येतं अन् ती म्हणत्यात, गावाकडं आलं की कसं भरून येतं बघा. दादा, काय एकेक माणसं येत्यात! हफ्ताभर घाम येऊ नये म्हणून हिंजवडीच्या कंपनीत गारव्यात बसत्यात, अन् रविवारी पैसं भरून आमच्या चिखलात लोळत्यात. एक जण बैलगाडीत बसून साहेबाला सांगत हुता, सर मी डेस्कवरच आहे, अन् तेवड्यात आमच्या सर्जानं डुरकी फोडली. (साहेब म्हणला आसंल, ह्यो कुठल्या डिपार्टमेंटचा.) एका कंपनीनं पोत्यात पाय घालून शर्यत लावली. तीस धडधाकट पोरं, पर पयला आला तो पोट सुटलेला मॅनेजर. बाकीची कशी वळीनं पडली! आसं आपसूक पडणं म्या सरपंचाच्या इलेक्शनलाबी बघितलं न्हाई.

तर मुद्द्याचं. तिथली मॅनेजरबाई सायली, रहाटणीची पोरगी, गुणी हाय. ती म्हणली, पाहुणे आले की गेटवर कुंकू लावून ओवाळायला एक सवाष्ण पायजे. म्हणलं, बाई, ह्या गावातल्या सवाष्णी सकाळी सहाच्या बसनं कंपनीत जात्यात, न्हाईतर नाइट करून झोपल्यात. दिवसा गावात उरतोय कोण? म्या अन् पिंपळावरचा मुंजा. मुंजाला साडी नेसता येत न्हाई, म्हणून ताट माज्या हाती आलं. शिवलेलं नऊवारी दिलं (पायजम्यावानी चढवायचं, लाज वाटली, म्या आपलं माजंच लुगडं नेसले), कपाळाला टिकली अन् नाकाला चाप लावलेली नथ. ह्यांना जाऊन आठ वरसं झाली. आठ वरसांनी आरशात बघितलं, अन् खोटं कशाला बोलू, म्या मलाच डोळा मारला.

चार रविवार झाक गेले. मग जाऊबाईंनी, म्हंजे निरंजनच्या आईनं, विमलबाईनं, घर डोक्यावर घेतलं. रांडमुंड बाई ओवाळतीया, पोराच्या धंद्याला दिष्ट लागंल. नानासाहेबांनी (माजं थोरलं दीर, दुसरं कोण) तुला फोन लावला. निरंजननं मला घरी बसवलं अन् आईला गेटवर हुभं केलं.

जाऊबाई सवाष्ण खरी, पर तिला चौकशीची लई खोड. त्या दिशी चाळीस पाहुणे उन्हात हुभे. पयल्याला ओवाळून इचारलं, लगीन झालं का? न्हाई म्हणला, तर का न्हाई? दुसरीला, पोरंबाळं किती? एकच? का? चवथ्याला, एवड्या वयात टक्कल कशानं पडलं? अकराव्यापातूर तिचा हात भरून आला, ताट वर गेलं अन् त्याची दाढी चरचरली. (लई न्हाई, एका अंगानं. फोटोत दुसरं अंग घेतलं.) सांजच्याला निरंजन दारात. काकू, उद्या याच. म्हणलं, येते, पर लपूनछपून न्हाई. पाहुण्यांना म्या पयलंच सांगणार, बाबांनो, माजा नवरा वारलाय, ज्याला माज्या हातचं कुंकू चालत न्हाई त्यानं मागच्या गेटनं यावं, तिथं गोठा हाय, जपून या.

निरंजनचा चेहरा पडला. सायली म्हणली, आजी, लोक परत जातील. म्हणलं, जाऊ देत, मग म्याबी जाते.

दादा, महिना झाला. एकाबी माणसानं मागचं गेट कुठं हाय म्हणून इचारलं न्हाई. बीडकडचा एक कंपनीतला गडी बायकापोरं घिऊन आला हुता. ओवाळलं तसा खाली बसला अन् माजं पाय धरलं. म्हणला, आई गेल्यापास्नं कुणी ओवाळलं न्हवतं. म्हणलं, रडू नको लेकरा, दिवा विझंल, अजून सतरा जण बाकी हायत. (त्यो गेल्यावर म्या पदरानं ताट पुसलं. ताटच.)

मागनं गेलं ते फकस्त आपलं नानासाहेब. पोराच्या रिसॉर्टात रोज जेवायला येत्यात, पर पुढं म्या हुभी, मग मानी माणूस कसा येईल? पांढरी विजार, पांढरी टोपी, मान ताठ, गोठ्यापुढच्या शेणखड्ड्यात गुडघ्यापातूर. "काडा रं मला!" म्हणून वरडाय लागले. पाहुणे मोबाइल घिऊन पळत आले अन् सायलीला इचारत्यात, ही ॲक्टिव्हिटी पॅकेजमध्ये आहे का, आमचा नंबर कधी? शेवटाला म्याच हात दिला. तवा त्यो हात त्यास्नी चालला.

आता तुजं सांगते. ह्ये गेल्यापास्नं दर भाऊबीजेला तू माज्यापुढं पाटावर बसतोस, म्या ओवाळते, तू ताटात साडी टाकतोस. आठ वरसांत तुजा एक केसबी वाकडा झाला न्हाई. (हाय कुठं म्हणा केस.) तुला चालतं, मग हिंजवडीच्या पोरांनी काय घोडं मारलं? म्या हितनं हालणार न्हाई. नेयाला ये, जेव, अन् एकटाच माघारी जा.

तुजी आगाव बहीण,
कस्तुरा

ता. क. खरं तर कागद ह्याच्यासाठीच लिवला. ती चापाची नथ परवा पाहुण्यांच्या भाकरी थापताना पिठात पडली अन् भाकरीतनं एका मॅडमच्या दाताखाली आली. आईनं जाताना तिची नथ "कस्तुरेची" म्हणली हुती. ह्ये वारले तवा तू म्हणलास, आता तुला कशाला, ऱ्हाऊ दे हितंच. कशाला ते आता तीन पानं लिवून सांगितलंय. येताना घिऊन ये.

ता. क. दोन. वहिनीला आदी इचारू नको, कंबर जास्ती दुखंल. नथ तांदळाच्या डब्यात, तळाला. (मला कसं ठावं? मागच्या दिवाळीला भात म्याच लावला हुता. काडून घेता आली असती, पर म्हणलं, भावानं हातानं द्यावी.)

ता. क. तीन. नथ आणलीस तर पुढच्या गेटनं ये, म्या ताट घिऊन हुभी हाय. न आणलीस तर मागनं ये. नानासाहेबांची जागा अजून मऊ हाय.