जुन्या कॅसेटी बदलून मिळतील

सप्तापूर, धारवाड
फेब्रुवारी २००३

प्रिय उत्तराक्का,

माझं पत्र म्हटल्यावर तू आधी पाकीट झटकून बघशील, आत रबराची पाल आहे का म्हणून. नाही घातली. फोनच करणार होतो, पण बूथ आपल्या दुकानाला लागून, आणि अप्पांचे कान तुला ठाऊक आहेत. म्हणून लिहायलोय. शुद्धलेखन बघू नकोस आणि भावजींना वाचायला देऊ नकोस.

तू मिरजेला गेल्यापासून दुकानात काही बदललं नाही. पाटी तीच, टीव्ही तोच. जुनी गेमची कॅसेट द्यायची, वर वीस रुपये, दुसरी न्यायची. अप्पा अजून प्रत्येक कॅसेटला फुंकर घालतात, धोतराच्या सोग्यानं पुसतात, टीव्हीला लावून एक डाव स्वतः खेळून दाखवतात, मगच हातात देतात. गिऱ्हाईक घाईत असलं तरी सोडत नाहीत. तुझ्या लग्नाआधी पोरं रस्त्यापर्यंत उभी असायची, आठवतं? रणगाड्यांच्या गेममध्ये अप्पांना फक्त तू हरवायचीस. ती कॅसेट तू शालूच्या घडीत घालून सासरी नेलीस, आणि अप्पा महिनाभर मला चोर म्हणत होते.

दिवाळीपासून ती पोरं यायची बंद झाली. कुठं जातात ते मला चांगलं ठाऊक आहे, कारण मीच त्यांना मशीन चालू करून देतो. विद्यानगरात मी कामाला लागलोय तो कंप्युटर क्लास नव्हे अक्का, तासावर गेम खेळायचा कॅफे आहे. घरी क्लास म्हणून सांगितलंय. तिथं कॅसेटच लागत नाही. एका सीडीवरून सगळ्या मशिनांत गेम घालायचा, कंटाळा आला की पुसून टाकायचा. हातात काही राहतच नाही, मग जुनं काय होणार आणि बदलून काय घेणार? आमचा मालक म्हणतो, पुढं सीडीपण नको, गेम वायरीतून येईल. मी त्याला हसलो. बसमधून घरी येताना मात्र हसू आलं नाही.

एका दुपारी अप्पा मला म्हणाले, गुर्‍या, सगळ्या पोरांच्या परीक्षा आहेत काय रे? नोव्हेंबरात कसली परीक्षा. मी म्हटलं, हो. आणि दुसऱ्या दिवशी कॅफेतल्या प्रभंजनाला माझी एक कॅसेट आणि माझ्या पगारातले वीस रुपये देऊन दुकानात पाठवला. त्या दिवशी अप्पा एक भाकरी जास्त जेवले.

मग मला नादच लागला. प्रभंजनानं हॉस्टेलची पोरं आणली. कोणाला टोपी, कोणाला चष्मा, त्याच चार कॅसेटी फिरून फिरून. एकदा अप्पांनी प्रभंजनाला गाव विचारलं. आता गदगच्या पोरानं गदग म्हणावं की नाही? हा शहाणा म्हणाला, अण्णिगेरी. अप्पा म्हणाले, तिथले यशवंतराव कसे आहेत? हा गडबडला आणि म्हणाला, वारले. झालं. आपले लांबच्या नात्यातले ते. अप्पांनी दुकानाला कुलूप घातलं, घरी येऊन डोक्यावरून अंघोळ केली आणि ओल्या पंच्यानं बसून राहिले. दुसऱ्या दिवशी प्रभंजनाला परत पाठवून ते यशवंतराव वेगळे असं सांगायला लावलं. मेलेला माणूस उठवायला मला आणखी वीस रुपये पडले.

तू हसली असशील. आम्हीपण पोट धरून हसलो होतो. आता पुढचं वाच.

अप्पांना वाटतं, दिवस फिरले. परवा जेवताना म्हणाले, तू दुकान बंद करा म्हणत होतास ना? बघ आता. आणि स्वतःच्या वाटीतलं तूप माझ्या भातावर घातलं. हुबळीत दुर्गदबैलच्या बाजाराजवळचं असलंच एक दुकान बंद पडतंय, त्याचा सगळा जुना माल अप्पा घेणार आहेत. मी म्हटलं, तो का बंद करतोय ते तरी विचारा. तर म्हणे, त्याला गिऱ्हाईक राखता येत नाही. पोटमाळा झाडून ठेवलाय, आईच्या लोणच्याच्या बरण्या खाली आल्यात. काल त्यांनी प्रभंजनाला बसवून चहा पाजला. म्हणाले, तुम्हा पोरांच्या जिवावर उडी घेतोय बाबा. तो तसाच माझ्याकडं आला. कशालाही छलो ऐती, मस्तच आहे म्हणणारा पोरगा, वीस रुपये माझ्या टेबलावर ठेवले आणि म्हणाला, इनमेल बस्स, यापुढं मी जाणार नाही. तुझ्या अप्पांकडं बघवत नाही.

मालाचं अप्पांनी तुला कळवलंय हे आज सकाळी तुझं पत्र आलं तेव्हा मला कळलं. अप्पांनी आईला आणि मला मोठ्यानं वाचून दाखवलं. येत्या रविवारी तू येतेस, आणि येताना लग्नातल्या बांगड्या आणतेस, माल घ्यायला गहाण ठेवायच्या म्हणून. वाचून झाल्यावर अप्पा कितीतरी वेळ चष्मा पुसत बसले. मला तिथंच सांगायचं होतं. तोंड उघडलंही. अप्पा म्हणाले, काय रे? मी म्हटलं, पाणी आणू काय? म्हणून हे लिहायलोय. अक्का, बांगड्या डब्यात घालून आणू नकोस, हातात घालून ये, आणि काही झालं तरी काढू नकोस. अप्पा तुझ्या हाताकडं बघतील. तू बोलू नकोस, नुसती माझ्याकडं बघ. मी सांगतो. तुझ्यासमोर मला पाणी आणायला उठता येणार नाही. आणि येताना ती रणगाड्यांची कॅसेट आण, वर तुझे स्वतःचे वीस रुपये. माझं सांगून झालं की अप्पांच्या पुढं ठेव. त्या दिवशी तरी दुकानात एक खरं गिऱ्हाईक असू दे.

तुझाच,
गुर्‍या