एकशे बावीसच्या वर

२७ ऑगस्ट, शनिवार
कमाल ११४ फॅरनहाइट. किमान ८८.

थंड पाण्याच्या नळाखाली कप धरला, चहाची पिशवी टाकली — चहा झाला! गरम पाण्याच्या नळातून काय येतं ते बघायची हिंमत नाही.

पाच वाजता नेहमीप्रमाणे अंगणात गेले. कुंपणापलीकडे हार्लन टोपी घालून तयारच. हार्लन योकम, वय त्र्याऐंशी. पूर्वी विमानातून पिकांवर औषध फवारायचा, आता रोज माझ्यावर अक्कल फवारतो.

"किती?"

"एकशे चौदा."

"खोटं! माझ्याकडे एकशे एकतीस आहे."

त्याचा थर्मामीटर म्हणजे ट्रॅक्टरवाल्याने फुकट दिलेला पत्रा. त्याच्या ट्रेलरच्या, म्हणजे चाकांवरच्या पत्र्याच्या घराच्या, पश्चिमेच्या भिंतीवर, भर उन्हात ठोकलाय. मी म्हटलं, "ते हवेचं नाही, तव्याचं तापमान आहे. अंडं फोड त्यावर." म्हणाला, "तुझा तो थर्मामीटरचा खोका म्हणजे थंड हवेचं ठिकाण आहे." मग दहा मिनिटं भांडलो. मग दोघं आपापल्या घरी. बावीस वर्षं हेच चाललंय.

२८ ऑगस्ट, रविवार
कमाल ११५. किमान ८९.

चर्चमध्ये फादर नरकावर बोलले. कोणी घाबरलं नाही.

३० ऑगस्ट, मंगळवार
कमाल ११७. किमान ९१.

हवामान कार्यालयातून नादिनचा फोन. आठवडाभर हे असंच चढत जाणार, रविवारी कळस. "फेमिया, कदाचित तुमचा विक्रम मोडेल." तुमचा म्हणजे दोस पोसोसचा. १ सप्टेंबर १९५०, एकशे बावीस. गावाच्या नावाचा अर्थ दोन विहिरी. दोन्हीत पाणी नाही. त्यामुळे मिरवायला आमच्याकडे तेवढा एक आकडाच आहे.

त्या १९५० च्या माणसाने कुठल्या झाडाखाली बसून आकडा वाचला देव जाणे. पण वहीत लिहिलंय ते लिहिलंय.

हवामान कार्यालयासाठी तापमान लिहायची ही वही आधी माझ्या नवऱ्याची, रोसेंदोची. गेला तेव्हा मला तीन गोष्टी ठेवून गेला — एक मुलगी, एक गळकं छप्पर (पाऊसच नाही, त्यामुळे हे कळायलाच सहा वर्षं गेली), आणि अंगणातला पांढरा, फटीफटींच्या पट्ट्यांचा लाकडी खोका. आत सावलीत थर्मामीटर. दिवसभरात पारा जिथवर चढला तिथेच अडकून राहतो, तापाच्या थर्मामीटरसारखा. पाच वाजता वाचायचं, लिहायचं, मग पारा खाली आणायचा. बावीस वर्षांत एक दिवस चुकला नाही. रोसेंदोला पुरलं त्या दिवशीसुद्धा नाही. काळ्या कपड्यांत जाऊन वाचून आले — १०३. सासूबाईंनी ते मला शेवटपर्यंत माफ केलं नाही.

१ सप्टेंबर, गुरुवार
कमाल ११९. किमान ९२.

आज गॅलन प्रूएट येऊन गेला. आमचा नगराध्यक्ष. टायरचं दुकान आहे, आणि बोलणंही टायरसारखंच — वरून टणक, आत हवा. हातात कलिंगड. गॅलन कलिंगड घेऊन आला की समजायचं, काहीतरी मागायला आलाय.

"फेमिया, हा खोका जरा रस्त्याकडे घेता येईल का?"

"डांबराशेजारी?"

"तसं नाही... लोकांना दिसावा म्हणून."

"गॅलन, खोका इथून वीतभर हलला तर मी तुझ्या दुकानात येऊन सगळ्या टायरांची हवा सोडीन."

हसला. पण गेला नाही. शनिवार-रविवारी टीव्हीवाले येणार म्हणाला. कॅल्डरच्या आधी आपण मोडला पाहिजे! कॅल्डर म्हणजे अठरा मैलांवरचं गाव. त्यांच्याकडे रुग्णालय आहे, सिनेमा आहे, आता त्यांना ऊनही हवंय. गॅलनने दोनशे टी-शर्ट छापायला टाकलेत — "१२३! आम्ही इथेच राहतो." बाजारात तुरी, आणि हा आधीच फोडणी देऊन बसलाय.

कलिंगड मात्र छान निघालं. अर्धं हार्लनला कुंपणावरून दिलं. म्हणाला, "लाच घेतलीस?" म्हटलं, "घेतली. काम करणार नाही."

२ सप्टेंबर, शुक्रवार
कमाल १२०. किमान ९४.

मेलेली कबुतरं तीन. वितळलेली मेणबत्ती एक. माझी चिडचिड मोजली नाही.

हार्लनला म्हटलं, ट्रेलरमध्ये भट्टी होते, माझ्याकडे एसी आहे, दुपारी येऊन बस. "मी बिनछपराच्या विमानात तीस उन्हाळे काढलेत, बाई." विमानात वारं असतं, गाढवा! "कूलर आहे माझा. खडखडतो ना, ऐकू येत नाही का तुला?" येतो की. त्या कूलरच्या खडखडाटाने माझ्या स्वयंपाकघराची खिडकी थरथरते. वर्षानुवर्षं त्याच्याबद्दल तक्रार करतेय.

३ सप्टेंबर, शनिवार
कमाल १२१. किमान ९५.

बरोबरीसुद्धा एका अंशाने हुकली! अर्ध्या गावाचे फोन. जसं काही मीच हात आखडता घेतला.

जर्मन जोडपं दारात. गाडीला अंडं चिकटलेलं — बॉनेटवर तळून बघत होते. बाईंनी विचारलं, सेल्सिअसमध्ये विक्रम किती? म्हटलं, एकशे बावीस म्हणजे बरोबर पन्नास. तिने नवऱ्याकडे असं बघितलं की सुट्टीची कल्पना कोणाची होती ते मला कळलं.

गॅलन दिवसभर भोंग्याच्या गाडीतून फिरत होता. "पाणी प्या! म्हाताऱ्या माणसांची चौकशी करा!" एवढं एक काम तो बरं करतो. लगेच पुढे — "आणि उद्या पाचला फेमिया तारांगोच्या अंगणात या!" माझ्या अंगणात! मला विचारलं कोणी?

हार्लन आज भांडताना खांबाला टेकून उभा होता. चेहरा विटेसारखा. म्हटलं, बरं आहे ना? म्हणाला, "तुझा आकडा ऐकून तोल गेला."

४ सप्टेंबर, रविवार
कमाल —

क्रमाने लिहिते.

पावणेपाचला अंगणात आले. फाटक उघडंच ठेवलं होतं, टीव्हीवाले येतील म्हणून. कुंपणाशी हार्लन नाही. आधी मनात आलं — बरं झालं, आज तरी शांतपणे वाचीन. मग लक्षात आलं की फारच शांत आहे. खिडकी थरथरत नव्हती. कूलर बंद!

धावले. (सदुसष्टाव्या वर्षी, चपला डांबराला चिकटतायत, धावले म्हणायचं आपलं.) दार नुसतं लोटलेलं. आत जी हवा होती तिला हवा म्हणवत नाही. हार्लन खुर्ची आणि मोरीच्या मध्ये जमिनीवर पडलेला. कातडी कोरडी, तापलेल्या तव्यासारखी. घामाचा थेंब नाही. डोळे अर्धे उघडे, कुणा मॅजीशी बोलत होता. "मॅजी, चाकं खाली आलीत का बघ."

ॲम्ब्युलन्सला फोन केला. कॅल्डरहून निघणार, पंचवीस मिनिटं. पंचवीस!

चादरीवर लोळवून त्याला ओढत दाराच्या सावलीत आणलं. बागेचा पाइप सोडला तर त्यातून उकळतं पाणी — दिवसभर उन्हात पडलेला ना! शिव्या घातल्या, फेकला. घरी पळाले, फ्रीजर रिकामा केला. मटाराची दोन पाकिटं, आणि नाताळासाठी केलेले, मक्याच्या पानांत गुंडाळलेले गोठलेले तमाले, छत्तीस. बगलेत तमाले, मानेखाली मटार, जांघेत पुन्हा तमाले — लाज गेली खड्ड्यात. मग त्याचीच बियरची पेटी दिसली, बर्फाच्या पाण्याने भरलेली. ती उचलून अख्खी त्याच्या अंगावर ओतली. वारा घातला, कपडे ओले केले, पुन्हा वारा घातला. तोंडाने काय काय बोलत होते आठवत नाही. "मर बघू माझ्यासमोर, मग दाखवते तुला!" असं काहीतरी.

वीसएक मिनिटांनी एक डोळा नीट उघडला.

"बाई... ही माझी बियर?"

तेव्हा रडले. आता लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय.

ॲम्ब्युलन्सवाली मुलगी तमाले बघून म्हणाली, "कोणी शिकवलं हे?" म्हटलं, तीस वर्षं शाळेचं स्वयंपाकघर सांभाळलंय, काय गार राहतं ते मला कळतं. त्याला घेऊन गेले. पाच पस्तीस झाले होते.

घरी येते तो अंगणात पंधरावीस माणसं, टीव्हीवाले, आणि खोक्याचं दार सताड उघडं. गॅलनच्या हातात माझा थर्मामीटर!

"तू नव्हतीस," तो म्हणाला. "ते थेट दाखवत होते, थांबणार किती?"

"किती होता?"

"नीट दिसेना, म्हणून..." आणि त्याने हाताने करून दाखवलं.

झटकला! तापाचा झटकतात तसा झटकला!

पारा आता ११९ वर. ती त्या क्षणाची हवा. दिवसभराचा कळस गेला कायमचा. म्हटलं, झटकण्याआधी काय दिसलं? "एकशे तेवीस. म्हणजे... एकवीसही असेल. चष्मा गाडीत आहे." कॅमेरेवाल्याला विचारलं. त्याचा कॅमेरा सगळा वेळ गॅलनच्या तोंडावर.

मी काय बोलले ते वहीत लिहीत नाही. थेट गेलं म्हणतात. मुलीने दोनशे मैलांवरून बघितलं, फोन करून म्हणाली, "आई, एवढे शब्द तुला इंग्रजीत येतात?"

५ सप्टेंबर, सोमवार, सुट्टी
कमाल ११८. किमान ९३.

नादिनला फोन केला. म्हणाली, वाईट झालं, पण वाचलंच नसेल तर M लिहायचा. M म्हणजे नोंद नाही. कॅल्डरला काल १२१.

गाव ऐकायला तयार नाही. किराणावाला — "एक आकडा लिहायला काय जातं तुझं?" फादरसुद्धा — "सगळ्यांना जाणवलं ना, एकशे तेवीस होतं." फादर, तुम्हाला तर बरंच काय काय जाणवतं. पण वही माझी आहे.

लिहिला. बावीस वर्षांत पहिला M. दिसायला वाईट दिसतो, पडलेल्या दातासारखा. पण खरं सांगायचं तर लिहिताना जेवढं वाटेल वाटलं होतं तेवढं वाटलं नाही.

संध्याकाळी उद्यानात सुट्टीचं जेवण होतं. गॅलन आलाच नाही. तोंड लपवून बसलाय! दोनशे टी-शर्ट आता अंथरून झोप म्हणावं.

६ सप्टेंबर, मंगळवार
कमाल ११६. किमान ९०.

कॅल्डरला जाऊन हार्लनला बघून आले. नाकात नळी, हातात सुई, आणि जीभ होती तशीच. कूलरचा पंप शनिवारीच जळला होता, रविवारी पंखाही बंद पडला! सांगितलं का नाही? "तू म्हणाली असतीस, मी सांगितलं नव्हतं का."

म्हणाले असते. बरोबर आहे.

"आकडा किती लिहिलास?"

"M."

उठून बसायला लागला. "वेडी आहेस! एकशे तेवीस लिही! मी मेलो असतो, आणखी काय पुरावा हवा?" नर्स धावत आली. मला बाहेर काढलं. व्हरांड्यात उभी राहून हसत होते, ती नर्सही हसली.

तमाले फेकून दिले. म्हणजे मटार फेकले. तमाल्यांना तिहेरी पानांचं वेष्टण होतं... नाही, फेकले.

गॅलनचा पत्ता नाही. दुकान बंद. समोर येऊन माफी मागायची तर तेही नाही! उद्या भेटला तर तयारी करून ठेवलीय. पाच वाक्यं पाठ आहेत. चौथं सगळ्यांत चांगलं.

७ सप्टेंबर, बुधवार
कमाल १११. किमान ८६.

गॅलनची आई गेली. एक्याण्णव वर्षांची, तीन गल्ल्या सोडून एकटीच राहायची. एसीचा फ्यूज उडालेला. काल सकाळी गॅलनलाच दिसली. डॉक्टर म्हणतात रविवारी, चार ते सहाच्या मध्ये.

भात आणि कोंबडीचा रस्सा घेऊन गेले. दार त्यानेच उघडलं. भांडं माझ्या हातातून घेतलं.

"पाच वाजता मी तुझ्या अंगणात होतो, फेमिया."

"हो," मी म्हटलं.

आणि आत जाऊन त्याच्याजवळ बसले.