सात नंबरची काच

३ जून
आले एकदाची. विद्यापीठाच्या जुन्या सभागृहाची दुरुस्ती माझ्याकडे, आणि राहायला धाकट्या बहिणीचं घर. भाची याच विद्यापीठात शिकते. म्हणते, मावशी म्हणजे भिंतींची डॉक्टर. खोटं नाही. सभागृहात सतरा भेगा आहेत. प्रत्येकीवर आडवी पातळ काच चुन्याने चिकटवायची, तिच्यावर तारीख घालायची. भिंत हलली की काच तडकते. महिनाभर शाबूत राहिली, तरच सभागृह वापराला द्यायचं.

११ जून
सगळ्या काचा शाबूत. गवंडीकाकांची हयात या इमारतीत गेली. रोज भिंतीवर हात ठेवून तिची विचारपूस करतात. मी हसले. ते म्हणाले, हसा बाई, पण हिच्याशी लबाडी करू नका.

१९ जून
सात नंबरची काच तडकली. ६ जुलैला तिथे परीक्षा आहे. महिना नव्याने मोजायचा तर ती रद्द. मी नवी काच लावली आणि तिच्यावर जुनीच तारीख घातली. कुलसचिवांचा दबाव होता, असं लिहिणार होते. नव्हता. काच तडकली हे सांगायला मलाच कमीपणा वाटला.

२२ जून
नवी काच शाबूत. तिच्याखाली भेग मात्र नाही. काकांनी विचारलं, कधी बुजवली? मग भिंत ठोकून पाहिली. आतून पोकळ वाजते. ‘काचा शाबूत’ या अहवालावर माझी सही कालच झाली; महिना भरला की त्यावरच सभागृह उघडणार.

२६ जून
भेग माझ्या खोलीत आहे, उशाशी. तेच वळण. बहीण म्हणते, घर जुनं झालंय.

३० जून
खोलीतली भिंत कोरी. उजव्या मनगटावर बारीक काळी रेघ. दुखत नाही. ठोकलं, तर —

२ जुलै
जाग आली तेव्हा मनगटावर काच. टोकांना ओला चुना. तारीख १९ जून, अक्षर माझं.

५ जुलै
हे डाव्या हाताने. उजवा हलवला की काच करकरते. काका कुलसचिवांना भिंतीचं सांगून आले. कुलसचिव म्हणाले, बाईंनी लेखी द्यावं, सही जुळली पाहिजे. डाव्या हाताची जुळत नाही. उद्या परीक्षेला भाचीला न पाठवता घरी ठेवता येईल. बाकीच्या दोनशे जणांचं काय?

६ जुलै, सकाळ
उजव्या हाताने लिहिते आहे. काका दारात थांबलेत, हे पान फाडून नेतील. काच करकरते —

सभागृह उघडू नका. सात नंबरची काच तडकली होती. तारीख मी खोटी घातली. खाली माझी स