अगस्त्य सहा मिनिटं दिसला नाही

९ जानेवारी

आले एकदाची. दुर्बिणीचं नळकांडं उतरवताना टेम्पोवाल्याने विचारलं, ही तोफ कुणावर डागायची? म्हटलं, गुरूवर. तो बिचारा दचकलाच. त्याला वाटलं, बाईंचं शाळेतल्या मास्तरांशी जुनं वैर आहे.

जलशुद्धीकरण केंद्र गावाबाहेर, चढावर आहे. रसायनतज्ज्ञ म्हणून मला इथेच दोन खोल्या मिळाल्यात. खाली स्वयंपाकघर आणि निजायची खोली, बाहेरून जिना, त्याच्या टोकाला कडीचं दार, वर सपाट गच्ची. कठडा गुडघ्याएवढा. गच्चीखालीच निवळण टाकी, पुढे मोकळं रान, मग तलावाचा बांध, तलाव आणि पलीकडे एक बोडका डोंगर. दक्षिण अशी सताड उघडी मला आजवर कुठेच मिळाली नव्हती. पगार बेताचाच आहे, पण आकाश फुकट.

सगळ्यात आधी दादाला फोन केला. मी सात वर्षांची असताना त्याने मला बोट धरून मृग दाखवला. या दुर्बिणीचा आरसाही त्यानेच घासलेला, स्वयंपाकाच्या ओट्यावर, चार महिने. वहिनी तेव्हा म्हणायची, ओटा घासा म्हटलं तर हात दुखतात! आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. महिनाअखेरीला शस्त्रक्रिया आहे. म्हणाला, बारके, नव्या डोळ्यांनी पहिलं आकाश तुझ्या गच्चीवरून बघणार. मी छप्पन्नची झाले तरी त्याची बारकीच.

१० जानेवारी

एक खोट सापडली. टाकीपाशी खांबावर चार मोठे दिवे आहेत, चारही दक्षिणेकडे तोंड करून. रात्रभर जळतात. त्या बाजूला राखण करण्यासारखं काहीही नाही.

पंपवाल्या काकांना विचारलं. साठीचे गृहस्थ, बावीस वर्षं इथेच, आवारातल्या खालच्या खोलीत एकटेच राहतात. ते म्हणाले, असू द्या मॅडम, पहिल्यापासून आहेत. बाकी काही नाही. मशिनबद्दल विचारलं की तासभर बोलतात, दिव्यांबद्दल विचारलं की त्यांना वाल्व्ह तपासायचा असतो.

१२ जानेवारी

साहेबांना अर्ज केला. विजेची बचत म्हटल्यावर त्यांनी वाचायच्या आधीच सही ठोकली. काकांनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, एकदा परत विचार करा. मी म्हटलं, केला. त्यांनी बटण स्वतः दाबलं नाही. मीच दाबलं.

आणि मग काय सांगू! आकाशाने एकदम श्वास सोडल्यासारखं झालं. कृत्तिकांमध्ये नुसत्या डोळ्यांनी नऊ मोजल्या. मृगाचा तेजोमेघ दुर्बिणीत असा पसरला होता, की थंडीने बोटं वळेनाशी झाली तरी खाली उतरावंसं वाटेना. दादा, तू हवा होतास.

१५ जानेवारी

एक गंमत. साडेदहाच्या सुमारास अगस्त्य तारा डोंगरावरून सरकत होता आणि एकाएकी गेला. ढग नाही, धूर नाही. घड्याळ लावलं. सहा मिनिटांनी तो थोडा उजवीकडे परत आला, तसाच लखलखीत.

मग नीट पाहिलं, तर डोंगरावर एक उभा काळा पट्टा आहे. हात लांब करून करंगळी धरली की झाकला जातो, म्हणजे साधारण एक अंश. उंची दोन मुठी. तारे डावीकडून त्याच्या मागे जातात, उजवीकडून निघतात. पट्टा हलत नाही. मोबाईलचा टॉवर असणार.

१६ जानेवारी

दिवसा दुर्बीण डोंगरावर लावली. टॉवर नाही, झाडही नाही. गवत आणि दगड.

रात्री पट्टा होता. दोन बोटं रुंद.

१८ जानेवारी

आज अमावस्या. आकाश काठोकाठ भरलेलं, पण माझं लक्ष सगळं त्या एकाच जागी. तीन बोटं. दुर्बिणीतून त्यात काही म्हणता काही दिसत नाही. कडा मात्र सरळ नाहीत. वरच्या टोकाशी किंचित आत जातात आणि पुन्हा बाहेर येतात, जशी मान असावी.

मी विज्ञानाची बाई. उद्यापासून मोजमाप लिहून ठेवणार.

१९ जानेवारी

मोजलं. चार बोटं. पाऊण तास बघत होते, तेवढ्यात उजवीकडून बाहेर पडलेले दोन बारीक तारे पुन्हा गेले आणि परत आले नाहीत. म्हणजे मी बघत असताना ते वाढतं.

मग खाली टाकीत बघितलं. पाणी अगदी स्तब्ध होतं, सगळं आकाश त्यात उतरलेलं. अगस्त्य पाण्यात होता. मान वर केली. वर नव्हता. खाली होता. वर नव्हता.

खाली येऊन दोन्ही कड्या लावल्या. आयुष्यात पहिल्यांदा आकाशाकडे पाठ करून झोपले.

२० जानेवारी

ते वाढत नाहीये. जवळ येतंय. आज त्याचं बूड डोंगरावर नव्हतं, अलीकडच्या काठावर होतं. तलावाच्या पाण्यात चांदण्यांचा चुरा पडला होता, तो त्याच्या पायाशी जाऊन संपत होता. मी दहाच मिनिटं थांबले असेन.

२१ जानेवारी

सकाळी क्लोरीन तपासताना हातातून नळी पडून फुटली. काकांनी काचा गोळा केल्या आणि मान वर न करता विचारलं, कुठवर आलंय?

मी तिथेच खाली बसले. मग त्यांनी सगळं सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहिते.

काकांच्या बायकोला, काकींना, चांदण्या बघायची हौस होती. तेव्हा दिवे नव्हते. त्यांनी असंच डोंगरावर काहीतरी पाहिलं आणि रोज बघू लागल्या. बघितलं की ते पुढे येतं, नाही बघितलं तर जिथे आहे तिथे उभं राहतं. मागे कधीच जात नाही. ज्या रात्री ते अगदी जवळ आलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी काकी उठल्या आणि म्हणाल्या, अजून उजाडलं नाही का हो? ऊन अंगणात आलं होतं. डोळ्यांना जखम नाही, काही नाही, फक्त बाहुल्या पसरून सगळा डोळा काळा. आठ महिने जगल्या. रोज सकाळी तेच विचारायच्या.

त्यांनी नवऱ्याला एकच विनवणी केली होती. माझ्याऐवजी तुम्ही बघा, म्हणजे ते मला सोडेल. काका एका रात्री त्यांच्यासाठी बाहेर आले, डोळे मिटून उभे राहिले आणि तसेच आत गेले. हे सांगताना ते रडले नाहीत. म्हणाले, मॅडम, मी भित्रा माणूस. दुसऱ्या कुणाला दिसू नये म्हणून दिवे लावून घेतले, तेवढंच जमलं.

दिवे मीच बंद करवले. मीच.

२२ जानेवारी

दिवे पुन्हा लावले. दुर्बीण गुंडाळून पलंगाखाली सारली. अंधार पडला की दक्षिणेच्या खिडकीवर गोधडी. बघायचं नाही. एवढं सोपं आहे. बघायचं नाही.

३० जानेवारी

आठवडाभर काही नाही. दादाची शस्त्रक्रिया छान झाली. फोनवर लहान पोरासारखा बोलत होता: भिंतीचा रंग पांढरा आहे गं, मी दोन वर्षं पिवळा समजत होतो! दहा तारखेला येतो म्हणाला. मी सांगितलं, इथे धुकं आहे, पाहुण्यांना परवानगी नाही, मला सर्दी आहे. तीन सबबी एकदम दिल्या. तो म्हणाला, बारके, तुझ्या गच्चीवर माझी अडचण होणार असेल तर तसं सांग.

खरं सांगायला हवं होतं. पण काय सांगू?

१० फेब्रुवारी

मी प्रयोगशाळेत असतानाच दादा येऊन पायरीवर बसलेला. डोळे असे चमकत होते! मला बघून म्हणाला, अगं, केस किती पिकले तुझे, कुणी कळवलं नाही मला.

रात्री ढग आहेत म्हणून सांगितलं. खिडकीवरची गोधडी बघितली त्याने.

११ फेब्रुवारी

आज त्याला सगळं सांगितलं. हसला नाही, तेच वाईट झालं. माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाला, एकटी राहून राहून दमलीस, माझ्याबरोबर घरी चल. उद्या संध्याकाळी मी त्याला गावातल्या लॉजवर नेऊन ठेवणार. तिथे बाजारातले दिवे आहेत, आकाश दिसत नाही.

१२ फेब्रुवारी

संध्याकाळी पाचला मुख्य पाइप फुटला. गावाचं पाणी बंद. काका आणि मी साडेनऊपर्यंत चिखलात. दादाला फोन करून बजावलं होतं, दार लावून बस.

परत आले तर दिवे बंद.

दादा गच्चीवर. दुर्बीण पलंगाखालून काढून मांडलेली. मला बघून आनंदाने ओरडला. बारके, तू खरं सांगत होतीस गं, दक्षिणेला काहीतरी आहे! आठ वाजल्यापासून टिपतोय, तारे कसे एकेक जातात बघ! माझा भ्रम नाही हे मला पटवून द्यायला त्याने दीड तास बघितलं होतं.

मी त्याचे डोळे हातांनी झाकले आणि त्याला ओढत खाली आणलं. स्वतः वर पाहिलं नाही. पण टाकीकडून येणारा वारा एकाएकी पडला होता, मध्ये भिंत आल्यासारखा.

१३ फेब्रुवारी, सकाळ

दादा सात वाजता उठला. बाहेर धुकं आहे का गं, म्हणाला.

धुकं नाही. लख्ख ऊन आहे.

१३ फेब्रुवारी, दुपार

डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिलं. बाहुल्या हलत नाहीत. शस्त्रक्रिया उत्तम आहे, पडदा उत्तम आहे, कारण कळत नाही म्हणाले. मोठ्या इस्पितळात न्या. गाडी उद्या सकाळी मिळेल.

एक वाजता दादाने विचारलं, दिवा का नाही लावत. मी बटण दोनदा खाली-वर केलं, त्याला आवाज यावा म्हणून. तो म्हणाला, हां, आता बरं आहे. खोटं बोलला. मला बरं वाटावं म्हणून.

१३ फेब्रुवारी, रात्री ८

दिवे कालपासून लावलेच नाहीत. करून पाहिलं. गोधडीचं टोक उचललं, मनात एक ते साठ मोजले. ते निवळण टाकीच्या अलीकडे आहे. खिडकीभर. बघितलं एवढंच, काही केलं नाही त्याने —

आतून दादा म्हणाला, तू दिवा लावलास का? थोडं पिवळं दिसतंय.

काकी खरं बोलत होत्या.

८.२०

काकांना सांगितलं. ते उभे राहिले, चप्पल घातली, दारापर्यंत आले. म्हणाले, मॅडम, मी जातो, माझं राहिलंय ते. पण दाराबाहेर पाय टाकवेना त्यांना. मी त्यांना खुर्चीवर बसवलं. रागावले नाही. मी तरी कुठे शूर आहे.

त्यांना म्हटलं, दादापाशी बसा. तो बाहेर येता कामा नये, काही झालं तरी.

८.४०, गच्ची

वहीकडे न बघता लिहितेय. ओळी एकावर एक जात असतील. नजर काढायची नाही.

डोक्यावर रोहिणी आहे. कृत्तिका आहेत. दक्षिणेला काही नाही. मृगाचे पाय गेले. व्याध गेला, आत्ता, लिहिता लिहिता.

आवाज नाही. वास नाही. थंडी पण नाही. उभं आहे नुसतं —

९ वाजले असतील

मृग गेला. त्याच्या पोटातल्या बाणाचे तीन तारे एकामागून एक. दादाने मला पहिल्यांदा दाखवलेले.

खालून दादाचा आवाज. काका, तुमच्या सदऱ्याला निळ्या रेघा आहेत. हसतोय. रडतोय पण. काका, तुम्ही का रडताय.

दिसतंय त्याला. दिसतंय. देवा —

कठड्याशी आलं. आता वाकतंय. मान आहे, त्याला मान आहे

रोहिणी गेली

दादा हाक मारतोय. बारके, मला दिसतंय गं, सगळं दिसतंय. काका त्याला अडवताहेत. खुर्ची पडली. दार —

जिन्यावर पावलं. मी ओरडायला गेले, वर येऊ नको — आवाज फुटत नाही — नुसता श्वास

गच्चीचं दार हाताजवळ आहे, कडी घालायला वळायला हवं, नजर वळत नाही

दादा येऊ नको इथे काही बघण्यासारखं ना